बेटी, बहीण, मादर, मोहतरमा : मुस्लिम समाजांतील महिला नेत्यांनी स्वतःची ओळख कशी घडवली?

२ डिसेंबर १९८८ रोजी बेनझीर भुट्टो यांनी पाकिस्तानच्या पंतप्रधानपदाची शपथ घेतली. मुस्लिमबहुल देशाच्या पंतप्रधान होणाऱ्या त्या पहिल्या महिला. वय होते अवघे ३५ वर्षे आणि मांडीवर अडीच महिन्यांचे बाळ. त्यानंतर बांगलादेश, तुर्कस्तान, इंडोनेशिया अशा देशांत महिला सर्वोच्च पदावर पोहोचल्या. अमेरिकेसारख्या देशाला आजवर एकही महिला राष्ट्राध्यक्ष निवडता आलेली नाही, हे लक्षात घेतले तर ही यादी लहान नाही.

पण या महिलांचा प्रवास सरळ नव्हता. पुरुष उमेदवाराला लोक विचारतात, "तू काय करणार?" महिला उमेदवाराला त्याआधी बरेच प्रश्न विचारले जातात. कुणाची मुलगी? कुणाची बायको? लग्न झाले का? डोक्यावर पदर आहे का? परपुरुषांशी हात मिळवते का? मुलांना कोण सांभाळते? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, शरीयतमध्ये हे चालते का? या प्रश्नांना वेगवेगळ्या देशांतील महिला नेत्यांनी कशी उत्तरे दिली, कुठे तडजोड केली आणि त्याची काय किंमत मोजली, याचा हा आढावा.

इतिहास काय सांगतो?

मुस्लिम समाजात स्त्रीने राज्यकारभार करणे ही विसाव्या शतकातली नवलाई नाही. दिल्लीच्या तख्तावर रझिया १२३६ ते १२४० या काळात बसली. ती पडदा सोडून, पुरुषी कबा आणि टोपी घालून दरबारात आणि लोकांसमोर येऊ लागली, असे त्या काळाचे इतिहासकार नोंदवतात. म्हणजे सत्ता चालवायची तर पुरुषासारखे दिसायला हवे, असा तो मार्ग होता. त्याने सरदारांची नाराजी वाढली आणि चार वर्षांत तिची सत्ता गेली.

आपल्या महाराष्ट्रातील चाँदबिबी वेगळ्या वाटेने गेली. अहमदनगरच्या निजामशाहीत तिने बालराजाची पालक म्हणून कारभार हाती घेतला. १५९५-९६ मध्ये मुघलांनी अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा ती स्वतः तटावर उभी राहिली. ती राणी म्हणून सिंहासनावर बसली नाही. घराण्याच्या वारसाचे रक्षण करणारी वडीलधारी स्त्री म्हणून लोकांनी तिचे नेतृत्व मान्य केले. तरीही १६०० मध्ये आपल्याच लोकांकडून तिचा घात झाला.

तिसरे उदाहरण भोपाळचे. तिथे १८१९ ते १९२६ या काळात, मधला थोडा काळ सोडला तर, एकामागून एक चार बेगमांनी राज्य केले. कुदसिया बेगम तरुणपणीच विधवा झाल्या आणि पडद्याबाहेर येऊन त्यांनी आपल्या तान्ह्या मुलीचा वारसाहक्क जाहीर केला. त्यांची मुलगी सिकंदर बेगम पडदा पाळत नसत, घोड्यावर बसून राज्यभर फिरत. नात शाहजहाँ बेगम दुसऱ्या निकाहनंतर पडद्यात गेल्या, पण राज्य सोडले नाही. पणती सुलतान जहाँ बेगम बुरख्यात राहून राज्य चालवत आणि १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. एकाच घराण्यात, एकाच गादीवर, पडद्याबाबत इतके वेगवेगळे निर्णय झाले. कारभाराचा आणि पडद्याचा संबंध लोक समजतात तितका घट्ट नसतो, हे भोपाळच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

मुंबईची डेंटिस्ट, 'मादर-ए-मिल्लत'

आधुनिक काळातला पहिला मोठा प्रसंग घडला पाकिस्तानात, पण त्याची सुरुवात मुंबईत होते. फातिमा जिना यांचे शालेय शिक्षण वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये झाले. पुढे कलकत्त्याला जाऊन त्या दंतवैद्यक शिकल्या आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचा दवाखाना उघडला. त्या काळात एका मुस्लिम मुलीने हे करणे सोपे नव्हते. १९२९ मध्ये मोहम्मद अली जिना यांच्या पत्नीचे निधन झाले, तेव्हा फातिमा यांनी दवाखाना बंद केला आणि त्या भावाच्या घरी राहायला गेल्या. पुढची सगळी वर्षे त्या सावलीसारख्या भावासोबत राहिल्या. त्यांनी लग्न केले नाही.

२ जानेवारी १९६५ रोजी पाकिस्तानात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. समोर होते लष्करशहा अयुब खान. सगळ्या विरोधी पक्षांनी मिळून ७१ वर्षांच्या फातिमा जिना यांना उभे केले. स्वतःची मोठी राजकीय संघटना नसलेल्या या बाईंकडे एक नाव होते, 'मादर-ए-मिल्लत', म्हणजे राष्ट्रमाता. पांढरे कपडे, पांढरे केस, अंगावर दुपट्टा. ढाक्याहून चितगावला जाताना स्टेशनास्टेशनांवर इतकी गर्दी झाली की त्यांची गाडी कित्येक तास उशिरा पोहोचली.

इथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. मौलाना मौदुदी यांनी त्याआधीच्या लेखनात स्त्रियांनी विधिमंडळात बसण्यालाही विरोध केला होता. पण या निवडणुकीत त्यांच्या जमात-ए-इस्लामीने फातिमा जिना यांना पाठिंबा दिला. सामान्य परिस्थितीत स्त्रीने राष्ट्रप्रमुख होणे योग्य नाही, पण आजची परिस्थिती असामान्य आहे आणि हुकूमशाही हटवणे जास्त गरजेचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसरीकडे, स्वतःला आधुनिक म्हणवणाऱ्या अयुब खान यांच्या बाजूने काही उलेमांनी फतवे दिले की स्त्रीला राष्ट्रप्रमुख होता येत नाही. ज्या अयुब यांनी १९६१ मध्ये बहुपत्नीत्वावर आणि तोंडी तलाकवर कायदेशीर बंधने आणली, त्यांनाच बाईविरुद्ध फतवा हवासा वाटला.

मतदान सर्वसामान्य जनतेचे नव्हते. फक्त ८० हजार प्रतिनिधी मत देणार होते आणि त्यांच्यावर सरकारचा दबाव होता. फातिमा जिना हरल्या, पण कराची आणि ढाका या दोन्ही मोठ्या शहरांत त्या पुढे राहिल्या. सुमारे ३६ टक्के मते त्यांना मिळाली. त्या निवडणुकीने दोन गोष्टी शिकवल्या. आई किंवा बहीण या नात्याने आलेल्या स्त्रीला लोक डोक्यावर घेतात. आणि धर्माचा आधार घेऊन होणारा विरोध किंवा पाठिंबा पुष्कळदा राजकीय सोयीने ठरतो.

बेनझीर : दुपट्टा, निकाह आणि बाळंतपण

बेनझीर यांच्याकडे फातिमा जिना यांचे वय नव्हते. त्या तरुण होत्या, हार्वर्ड आणि ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या होत्या, ऑक्सफर्ड युनियनच्या अध्यक्ष राहिल्या होत्या. तिथे त्या पाश्चात्त्य कपडे घालत, गाडी चालवत, वादविवाद गाजवत. ४ एप्रिल १९७९ रोजी वडील झुल्फिकार अली भुट्टो यांना फाशी झाली. त्यानंतर नजरकैद, तुरुंग, परदेशवास असे दिवस काढून त्या १० एप्रिल १९८६ रोजी लाहोरला परतल्या, तेव्हा स्वागताला लाखोंचा जनसमुदाय आला. हे लोक आले होते ते 'शहीद भुट्टोंच्या बेटी'साठी.

मायदेशी परतलेल्या बेनझीर शलवार-कमीजमध्ये होत्या. पांढरा दुपट्टा डोक्यावर आला आणि तीच त्यांची ओळख झाली. पुढे हातात तसबीहही दिसू लागली. तो दुपट्टा सारखा मागे घसरायचा आणि त्या बोलता बोलता तो सावरायच्या. टीकाकारांना तो पुरेसा वाटत नसे आणि काही शहरी स्त्रीवादी महिलांना तो अति वाटे. दोन्ही बाजूंना पुरे न पडणारे हे कापड त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

दुसरा प्रश्न लग्नाचा. एकटी तरुण स्त्री राजकारणात फिरते म्हटले की अफवांना उधाण येते. पुरुष सहकाऱ्यासोबत बैठक घेणेही अवघड. १८ डिसेंबर १९८७ रोजी कराचीत त्यांचा आसिफ अली झरदारी यांच्याशी निकाह झाला. हे घरच्यांनी ठरवलेले लग्न होते. मुक्त जीवनात वावरलेल्या बेनझीर यांनी यासाठी होकार कसा दिला, हे पाश्चात्त्य पत्रकारांना कोडे वाटे. आपल्या स्थानी असलेल्या स्त्रीला स्वतः जोडीदार शोधणे शक्य नव्हते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. मात्र त्यांनी आडनाव बदलले नाही. भुट्टो हे नाव त्यांची राजकीय पुंजी होती. लग्नाचा सोहळा ल्यारीतील कामगार वस्तीच्या मैदानावर, हजारो कार्यकर्त्यांसमोर झाला. म्हणजे घरगुती बाब असलेला निकाहसुद्धा त्यांना जाहीर करून दाखवावा लागला.

तिसरा प्रश्न बाळंतपणाचा. मे १९८८ मध्ये जनरल झिया-उल-हक यांनी सरकार बरखास्त केले आणि निवडणुकांची चर्चा सुरू झाली. बेनझीर गरोदर होत्या. प्रसूतीची तारीख कळली तर सरकार त्याच सुमारास निवडणूक ठेवेल, म्हणून ती तारीख गुप्त ठेवावी लागली, हे त्यांनीच पुढे सांगितले. १७ ऑगस्टला झिया विमान अपघातात मारले गेले. २१ सप्टेंबरला मुलगा बिलावल जन्मला आणि १६ नोव्हेंबरला मतदान झाले. प्रचारात विरोधकांनी त्यांची आई नुसरत भुट्टो यांची पाश्चात्त्य पोशाखातली जुनी छायाचित्रे छापून वाटली. तरीही त्यांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला.

पंतप्रधान असतानाच त्या पुन्हा गरोदर राहिल्या. १ नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांच्या सरकारवर अविश्वास ठराव आला आणि विरोधकांना १२ मते कमी पडून तो फेटाळला गेला. त्या वेळी त्या सहा महिन्यांच्या गरोदर होत्या. २५ जानेवारी १९९० रोजी मुलगी बख्तावर जन्मली. पदावर असताना बाळाला जन्म देणाऱ्या निवडून आलेल्या सरकारप्रमुखांमध्ये त्या जगात पहिल्या. दुसरी अशी घटना घडायला २०१८ साल उजाडले, तेही न्यूझीलंडमध्ये. न्यूझीलंडच्या जेसिंडा आर्डर्न यांनी सहा आठवड्यांची रजा जाहीरपणे घेतली आणि जगाने कौतुक केले. बेनझीर यांनी गरोदरपण जमेल तितके झाकून ठेवले आणि काही दिवसांत त्या कामावर परतल्या.

धर्मशास्त्रातील मुद्दा काय आहे?

महिला नेतृत्वाला विरोध करताना बहुतेक वेळा सहीह बुखारीतील एक हदीस पुढे केली जाते. हजरत अबू बकरा (रजि.) यांनी ती सांगितली आहे. इराणच्या लोकांनी किसराच्या मुलीला गादीवर बसवल्याची बातमी आली, तेव्हा आपला कारभार स्त्रीकडे सोपवणारे लोक यशस्वी होणार नाहीत, या आशयाचे उद्गार प्रेषित (स.) यांनी काढले, असे ती सांगते.

बहुसंख्य जुन्या फुकहांनी यावरून सामान्य नियम काढला की मुस्लिमांचा सर्वोच्च प्रमुख म्हणजे इमाम किंवा खलिफा पुरुष असावा. दुसरा विचारप्रवाह म्हणतो की हे भाष्य त्या वेळच्या इराणी राजघराण्याबद्दल होते. हा प्रवाह कुरआनमधील सूरह नम्लकडे बोट दाखवतो. तिथे सबाच्या राणीचे वर्णन आहे, तिला आपण बिल्किस म्हणून ओळखतो. ती दरबाराचा सल्ला घेते, युद्धाचे परिणाम ओळखते आणि शेवटी सत्य स्वीकारते. तिच्या राज्य करण्यावर तिथे टीका नाही, असा हा मुद्दा आहे.

मधल्या जागाही आहेत. इमाम अबू हनीफा यांच्या मते ज्या बाबींत स्त्रीची साक्ष मान्य आहे, त्या बाबींत ती काझी होऊ शकते. इमाम तबरी यांचे मत याहून मोकळे होते, असे ग्रंथांत नोंदवलेले आहे. सल्लामसलतीने चालणाऱ्या राज्यात स्त्री प्रमुख असणे त्या हदीसच्या कक्षेत येत नाही, अशी मांडणी आपल्याकडचे मौलाना अशरफ अली थानवी यांच्या फतव्यात सापडते. मोरोक्कोच्या समाजशास्त्रज्ञ फातिमा मर्निसी यांनी तर १९८७ च्या पुस्तकात या हदीसची पार्श्वभूमी आणि ती कधी सांगितली गेली, याचीच चिकित्सा केली. त्यांची मते अनेक उलेमांना मान्य नाहीत. पण या प्रश्नावर एकच उत्तर आहे, असे म्हणता येत नाही, हे यातून कळते.

महिला नेत्यांनी या वादात कशी भूमिका घेतली? बहुतेकींनी वाद टाळला. बेनझीर यांनी मात्र थेट उत्तर दिले. इस्लाम स्त्री-पुरुष भेद करत नाही, भेद करतात ते माणसे, अशी मांडणी त्या भाषणांतून करत आणि हजरत खदीजा (रजि.) व्यापार करत होत्या, याची आठवण देत. धर्म सोडून वाद घालण्यापेक्षा धर्माच्या आतून बोलणे, हा त्यांचा मार्ग होता.

ढाका आणि जकार्ता

बांगलादेशात खालिदा झिया आणि शेख हसीना या दोघी दशकानुदशके एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या. एक राष्ट्राध्यक्षाची विधवा, दुसरी राष्ट्रपित्याची मुलगी. झियाउर रहमान यांची हत्या मे १९८१ मध्ये झाली, तोपर्यंत खालिदा घर सांभाळत होत्या. शेख मुजीब आणि बहुतेक कुटुंबाची हत्या १५ ऑगस्ट १९७५ रोजी झाली, तेव्हा हसीना परदेशात होत्या म्हणून वाचल्या. दोघींना लोकांनी आधी दुःखातून ओळखले, राजकारण नंतर आले.

१९९१ मध्ये खालिदा पंतप्रधान झाल्या, त्या वेळी सरकार बनवायला जमात-ए-इस्लामीने मदत केली. २००१ च्या सरकारात तर जमातचे दोन मंत्रीच होते. स्त्रीच्या नेतृत्वाखाली मंत्री व्हायला त्यांना अडचण आली नाही. हसीना यांचा पक्ष धर्मनिरपेक्ष मानला जाई, म्हणून १९९६ च्या निवडणुकीआधी त्या डोक्याला घट्ट कापड बांधून, हातात तसबीह घेऊन प्रचारात दिसल्या. ज्या बाईवर धर्मनिष्ठेबाबत संशय, तिला ती कपड्यांतून जास्त दाखवावी लागते. मात्र बाई सत्तेत असली म्हणून राज्य आपोआप न्यायाचे होत नाही, हेही याच देशाने पाहिले. १५ वर्षांच्या सलग सत्तेनंतर विद्यार्थ्यांच्या उठावात ५ ऑगस्ट २०२४ रोजी हसीना यांना देश सोडावा लागला.

इंडोनेशियात १९९९ मध्ये मेगावती सुकर्णोपुत्री यांच्या पक्षाला सर्वाधिक, जवळपास ३४ टक्के मते मिळाली. राष्ट्राध्यक्ष मात्र सर्वोच्च सभेने निवडायचा होता. मुस्लिम पक्षांनी स्त्री राष्ट्राध्यक्षाला विरोध केला आणि पद अब्दुर्रहमान वाहिद यांना मिळाले. विरोध करणाऱ्यांत हमजाह हाज आघाडीवर होते. दोन वर्षांनी, जुलै २००१ मध्ये वाहिद यांना हटवण्यात आले आणि मेगावती राष्ट्राध्यक्ष झाल्या. तेव्हा त्यांचे उपराष्ट्राध्यक्षपद कुणी स्वीकारले? याच हमजाह हाज यांनी. या सगळ्या काळात मेगावती फार कमी बोलल्या. लोक त्यांना 'इबू मेगा' म्हणत. इबू म्हणजे आई.

डोक्यावरच्या कापडाची लढाई

आतापर्यंतच्या उदाहरणांत डोके झाकण्याचा दबाव होता. तुर्कस्तानात उलटे घडले. एप्रिल १९९९ मध्ये मर्वे कवाकची इस्तंबूलमधून फजीलत पक्षाच्या खासदार म्हणून निवडून आल्या. २ मे रोजी त्या हिजाब घालून संसदेत आल्या. खासदारांनी बाके वाजवत "बाहेर जा"च्या घोषणा दिल्या. पंतप्रधान बुलंत एजेविट यांनी या बाईंना त्यांची जागा दाखवा, अशा अर्थाचे आवाहन केले. कवाकची शपथ न घेताच बाहेर पडल्या. त्यांनी परवानगीशिवाय अमेरिकी नागरिकत्व घेतल्याचे कारण देऊन त्यांचे तुर्की नागरिकत्व काढून घेतले गेले. २००१ मध्ये त्यांच्या पक्षावरही बंदी आली. त्याच संसदेत दुसऱ्या पक्षाच्या नसरीन उनाल यांनी बाहेर हिजाब घालत असूनही सभागृहात तो काढून शपथ घेतली, तेव्हा त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या.

२००७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने कवाकची यांच्या बाजूने निकाल दिला. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी चार महिला खासदार हिजाब घालून सभागृहात बसल्या आणि या वेळी कुणी हाकलले नाही. कवाकची पुढे मलेशियात तुर्कस्तानच्या राजदूत झाल्या.

कुवेतमध्ये महिलांना मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क मे २००५ मध्ये मिळाला. मे २००९ मध्ये पहिल्यांदा चार महिला निवडून आल्या. त्यांतल्या असील अल-अवधी आणि रोला दश्ती हिजाब घालत नव्हत्या. त्यांची निवड रद्द व्हावी म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की महिला खासदारांवर हिजाबची सक्ती नाही. पण कोर्टात जिंकणे वेगळे आणि मतपेटीत जिंकणे वेगळे. फेब्रुवारी २०१२ च्या निवडणुकीत एकही महिला निवडून आली नाही.

ट्युनिशियाचे उदाहरण तर दोन्ही बाजूंच्या समजुतींना धक्का देणारे आहे. २०१८ मध्ये सुआद अब्दुर्रहीम राजधानी ट्युनिसच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. त्या अन-नहदा या इस्लामी पक्षाकडून आल्या होत्या आणि हिजाब घालत नव्हत्या. रमजानच्या २७ व्या रात्री झैतूना मशिदीतील कार्यक्रमाला महापौर हजर राहतात, मग बाई तिथे कशी बसणार, असा आक्षेप घेतला गेला. हा आक्षेप आला तो धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या पक्षाच्या प्रवक्त्याकडून.

इराण : एका शब्दाचा अर्थ

इराणच्या राज्यघटनेतील ११५ व्या कलमानुसार राष्ट्राध्यक्ष हा धार्मिक आणि राजकीय 'रिजाल'मधून निवडला जावा. अरबीत 'रजुल' म्हणजे पुरुष आणि 'रिजाल' हे त्याचे अनेकवचन. पण फारसीत राजकारणातल्या मान्यवर व्यक्तींनाही रिजाल म्हटले जाते. मग या शब्दात स्त्रिया येतात की नाही?

आझम तालेकानी यांनी हा प्रश्न लावून धरला. त्या आयातुल्लाह तालेकानी यांच्या कन्या, क्रांतीनंतरच्या पहिल्या संसदेच्या सदस्य, चादर पाळणाऱ्या धार्मिक बाई. १९९७ पासून त्यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी पुन्हा पुन्हा अर्ज भरला. वय झाले, वॉकरचा आधार घ्यावा लागला, तरी अर्ज भरायला त्या स्वतः गेल्या. दर वेळी अर्ज नाकारला गेला. निवडून येण्यापेक्षा 'रिजाल'चा अर्थ सरकारने स्पष्ट करावा, हे त्यांचे म्हणणे होते. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. आजवर एकाही महिलेची उमेदवारी तिथे मंजूर झालेली नाही.

मदरशात शिकलेल्या वाचकांना एक गोष्ट आठवेल. हदीस सांगणाऱ्यांच्या चरित्रशास्त्राला 'अस्मा-उर-रिजाल' म्हणतात, आणि त्या ग्रंथांत महिला रावींचीही चरित्रे आहेत.

सत्तेत येऊन महिलांसाठी काय झाले?

हा प्रश्न टाळता येत नाही. बेनझीर यांच्या पहिल्या कारकिर्दीत १९८९ मध्ये महिलांसाठी फर्स्ट विमेन बँक सुरू झाली. दुसऱ्या कारकिर्दीत, १९९४ मध्ये पहिले महिला पोलीस ठाणे उघडले, उच्च न्यायालयांत महिला न्यायाधीश आल्या आणि गावोगावी घराघरात जाणाऱ्या लेडी हेल्थ वर्कर्सची योजना सुरू झाली. या योजनेचे काम आपल्या 'आशा' ताईंसारखे आहे. १९९६ मध्ये महिलांवरील भेदभावाविरोधातील आंतरराष्ट्रीय कराराला पाकिस्तानने मंजुरी दिली.

पण झियांच्या काळातील १९७९ चे हुदूद अध्यादेश त्या रद्द करू शकल्या नाहीत. बलात्काराची तक्रार करणारी बाईच व्यभिचाराच्या आरोपात अडकण्याची भीती या कायद्यांमुळे होती. स्पष्ट बहुमत नव्हते, लष्कर आणि राष्ट्राध्यक्ष विरोधात होते. शिवाय, बाई आली आणि शरीयतचे कायदे काढले, हा आरोप त्यांना परवडणारा नव्हता. शेवटी २००६ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा सत्तेवर लष्करी गणवेशातला पुरुष होता. परवेझ मुशर्रफ यांना कुणी विचारले नाही की तुमचा दुपट्टा कुठे आहे. २७ डिसेंबर २००७ रोजी रावळपिंडीत बेनझीर यांची हत्या झाली.

एक बाई शिखरावर गेल्याने बाकीच्यांना जागा मिळतेच असे नाही. पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेतील महिलांच्या राखीव जागांची मुदत १९८८ च्या निवडणुकीनंतर संपली. त्या परत आल्या २००२ मध्ये आणि ६० जागा राखीव झाल्या. त्यानंतर २००८ मध्ये फहमिदा मिर्झा सभापती झाल्या, २०११ मध्ये हिना रब्बानी खर परराष्ट्रमंत्री झाल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मरियम नवाझ पंजाबच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या. अर्थात यांतल्याही बऱ्याच जणी राजकीय घराण्यांतल्याच.

आणि नजर बदलली का? २०११ मध्ये हिना रब्बानी खर चर्चेसाठी दिल्लीला आल्या, तेव्हा आपल्याकडच्या वाहिन्यांनी त्यांच्या हँडबॅगची, गॉगलची आणि मोत्यांच्या माळेची चर्चा केली. म्हणजे बाईला कपड्यांवरून मोजण्याची सवय एकाच धर्माची किंवा एकाच देशाची नाही.

या सगळ्यांतून काय दिसते?

नाते दार उघडते, पण दारातच उभे करते. बेटी, बहीण, आई, विधवा या नावांनी लोक स्वीकारतात, पण ती 'कुणाची तरी' असण्याची अट राहते. फातिमा जिना स्वतःच्या कमाईवर दवाखाना चालवत होत्या, हे किती जणांना ठाऊक आहे?

पोशाख कुठलाही असो, त्यावर बोलणारे असतातच. बेनझीर यांचा दुपट्टा कमी पडला, कवाकची यांचा हिजाब जास्त ठरला. पोशाख ठरवण्याचा हक्क ज्या बाईचा, तिलाच सगळ्यांत शेवटी विचारले गेले.

धर्माच्या नावाने झालेला विरोध पुष्कळदा वेळ पाहून होतो आणि वेळ पाहूनच मावळतो. मौदुदी आणि हमजाह हाज ही त्याची उदाहरणे. म्हणून कुणी मनाई सांगितली तर ती दलील म्हणून ऐकावी, आणि तीच दलील काल आणि आज सारखीच होती का, हेही पाहावे.

महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत. त्यामुळे आपल्या मोहल्ल्यांतल्या, गावांतल्या बहिणी नगरसेविका, सरपंच, जिल्हा परिषद सदस्य होत आहेत. बॅनरवर त्यांच्यापेक्षा पतीचा फोटो मोठा असतो, बैठकीला भाईच जातात, सही फक्त बाजींची असते, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. नळाला पाणी, गटार, उर्दू शाळेतील शिक्षक, दवाखाना ही कामे ज्यांच्या रोजच्या जगण्याशी जोडलेली आहेत, त्या बाईंनी स्वतः सभागृहात उभे राहून बोलावे, यासाठी कायद्याने जागा दिली आहे. त्या जागेवर तिला बसू द्यायचे की तिच्या नावावर दुसऱ्याने बसायचे, हे मात्र घरातच ठरते. पुढच्या वेळी एखादी बाजी मत मागायला दारात आल्या, तर "भाई काय करतात?" याऐवजी "तुम्ही वॉर्डासाठी काय करणार?" असे त्यांनाच विचारून पाहावे.